एकट्याने वाडी वाचत नाही

वसईच्या पश्चिम पट्ट्यात आज जमिनीचा भाव सगळ्यांना तोंडपाठ आहे. कुठल्या आळीत गुंठ्याला काय चाललंय, हे शाळकरी पोरगंही सांगेल. पण आपल्या विहिरीचं पाणी कुठल्या महिन्यात मचूळ होतं, आजोबांच्या काळात कधी व्हायचं, असं विचारलं की घरातलं एखादं म्हातारं माणूसच काय ते उत्तर देतं. हा लेख त्या पाण्याबद्दल आहे. वाडी राहणार की जाणार, हे शेवटी त्या पाण्यावर ठरणार आहे, आणि ते पाणी कुणा एकाच्या सातबाऱ्यावर लिहिलेलं नाही.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणेची खाडी, पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर. मधून पश्चिम रेल्वे जाते. रेल्वेच्या आणि समुद्राच्या मधल्या पट्ट्यात अर्नाळा, आगाशी, नंदाखाल, निर्मळ, गास, भुईगाव, वाघोली, गिरीज, सांडोर, रानगाव अशी गावं एकमेकांना लागून आहेत. इथे कुपारी आहेत, वाडवळ आहेत, भंडारी, माळी, आगरी, कोळी आहेत. चर्चची घंटा आणि देवळाची घंटा एकाच वाडीत ऐकू येते. तीन बाजूंनी खाऱ्या पाण्याने वेढलेल्या या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या केळी पिकली, नागवेल चढली, माड वाढले, फुलं आणि भाजी निघाली. समुद्र हाकेच्या अंतरावर असताना एवढी बागायत उभी राहिली, ती कशाच्या जोरावर?

बावखलांच्या जोरावर. वाड्यांच्या मधे, सखल जागी खणलेलं तळं म्हणजे बावखल. कुठे घराएवढं, कुठे मैदानाएवढं. पावसाळ्यात आजूबाजूच्या वाड्यांचं आणि अंगणांचं पाणी त्यात उतरतं. पूर्वी काठावर रहाट असायचा. बैल फिरायचे, गाडग्यांची माळ वर यायची आणि पाणी पाटाने केळीच्या आळ्यांत जायचं. गावातली पोरं तिथेच पोहायला शिकायची. नंतर इंजिनं आली, विजेचे पंप आले, बैल गोठ्यातून गेले, आणि पुष्कळांना वाटू लागलं की आता बावखलाचं काम संपलं.

ते काम संपलेलं नाही, कारण बावखलाचं खरं काम जमिनीच्या खाली चालतं. त्यात साठलेलं पावसाचं पाणी सावकाश रेतीत मुरतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असल्यामुळे दह्यावर साय धरावी तसं ते जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर धरून राहतं. किनाऱ्यावरच्या भूजलाचा अभ्यास करणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे: समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट टिकली, तर खाली सुमारे ४० फूट खोलीपर्यंत गोडं पाणी राहतं. याचीच दुसरी बाजू अशी की वरची पातळी एक फूट उतरली, तर खालून खारं पाणी तेवढंच, म्हणजे ४० फूट वर सरकू शकतं. वसईच्या विहिरी याच थरावर चालतात. तुमची, माझी, शेजाऱ्याची. वाड्यांच्या मधे कुंपणं आहेत, पण त्या थराला कुंपण नाही.

म्हणून एखाद्याने आपल्या हद्दीतलं बावखल डेब्रिजने भरून टाकलं, तर त्याला वाटतं आपण आपल्याच जागेत भराव केला. त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात पलीकडच्या वाडीतल्या विहिरीचं पाणी जिभेला लागतं. निर्मळच्या बाजूला एका शेतकऱ्याने मला आपल्या विहिरीचं पाणी तांब्यात काढून दिलं आणि म्हणाला, ‘चाखून बघा.’ खळखळून चूळ भरावी इतकं खारट नव्हतं, पण घोट गिळल्यावर घशात राहत होतं. तो म्हणाला, ‘होळीपर्यंत चालतं. नंतर गाय तोंड लावत नाही. केळीचं पान कडेने करपायला लागलं की समजायचं, पाणी फिरलं.’ त्याने स्वतः एक हातही जमीन विकलेली नाही. त्याच्या वाडीपासून थोड्या अंतरावरचं बावखल बुजलं, तिथे आता चार मजली इमारत आहे. वाडी न विकताही ती हातातून कशी निसटते, ते मला त्या घोटात कळलं.

ही वाडी म्हणजे नेमकं काय, हे बाहेरच्या वाचकासाठी सांगायला हवं, कारण सरकारी कागदांवर तिला बऱ्याचदा नुसतं ‘मोकळी जमीन’ म्हटलं जातं. एखाद्या पहाटे भुईगाव-गिरीजच्या बाजूला जा. मोगऱ्याच्या कळ्या उमलायच्या आत खुडाव्या लागतात, म्हणून घरातल्या बायका अंधारातच वाफ्यांत उतरलेल्या असतात. वर माड, त्याच्या सावलीत केळी, केळीच्या बुंध्याशी पाण्याच्या दांडाला लागून अळू, मांडवावर पडवळ नाहीतर दुधी, बांधाच्या कडेला जास्वंद आणि सोनचाफा. चार-पाच पिकं एकाच जागेत एकावर एक उभी. फुलांचे पैसे रोज, भाजीचे आठवड्याला, नारळ दीड-दोन महिन्यांनी उतरतात, केळीचा घड वर्षाने. कुणी पाणी लावतं, कुणी कळ्या खुडतं, सासू अळूच्या जुड्या बांधते, आणि नोकरीला निघालेला मुलगा जाता जाता गाठोडं स्टेशनवर पोचवतो. उजाडायच्या आत तो माल लोकलच्या मालडब्यातून दादरला गेलेला असतो. दादरच्या पुलाखाली तुम्ही सकाळी सात वाजता जो गजरा घेता, त्याच्या कळ्या तीन-चार तासांपूर्वी झाडावर होत्या.

विरारहून मुंबईकडे पहिली लोकल धावली ती १८६७ मध्ये. तेव्हापासून या लोहमार्गाने मुंबईला वसईची केळी, भाजी, पानं, फुलं आणि दूध पुरवलं. आगाशीच्या सुकेळ्यांची दखल तर इंग्रजांच्या गॅझेटियरनेही घेतली होती. राजेळी केळी पुरती पिकवायची, सोलायची, मांडवावर उन्हात पसरायची. संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा करून झाकायची आणि सकाळी पुन्हा पसरायची. आठवडाभर हा उद्योग चालतो. मग मधासारखा रंग आलेली ती केळी वाळल्या पानांत घट्ट बांधली जातात. त्याला राजेळीच लागते, पाऊस सरल्यावरचं कोरडं ऊन लागतं आणि ते ऊन अडवणारी इमारत शेजारी नसावी लागते. आज सुकेळी करणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, आणि त्यातल्या काहींच्या मांडवावर दुपारी तीननंतर शेजारच्या टॉवरची सावली पडते.

ही लढाई आजची नाही, आणि आपण ती कधीच जिंकलो नाही असंही नाही. १९८८ च्या सुमारास सरकारने वसईचा हा पट्टा शहरीकरणाला खुला करायचं ठरवलं आणि १९९० मध्ये सिडकोला नियोजन प्राधिकरण नेमलं. मुंबईची वाढती वस्ती कुठेतरी न्यायची होती, आणि नकाशावर वसई रिकामी दिसत होती. तेव्हा हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिच्या पुढे होते. नंदाखालच्या शेतकरी घरातला हा धर्मगुरू पुढे ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण आमच्यासाठी ते आधी आमच्या विहिरींसाठी रस्त्यावर उतरलेले फादर होते. चर्चमध्ये आणि देवळाच्या ओट्यावर सभा झाल्या, मोर्चे निघाले, धमक्या आल्या. त्याच काळात नव्या इमारतींना पाणी पुरवण्यासाठी वाड्यांमधल्या विहिरींना मोठे पंप लागले आणि टँकर भरून जाऊ लागले. टँकर भरणाऱ्याला एका खेपेचे पैसे रोख मिळत, आणि सगळ्या आळीचं पाणी खारं होई. गावकऱ्यांनी ते टँकर अडवले. पश्चिमेकडे जी हिरवळ आज शिल्लक दिसते, ती त्या माणसांनी राखली म्हणून आहे. २५ जुलै २०२४ ला फादर दिब्रिटो गेले. त्यांना श्रद्धांजली वाहणारे फलक गावोगाव लागले, आणि त्यातले काही फलक बुजवलेल्या बावखलांच्या जागेवर उभे होते. ते बघून मला लाज वाटली, ती अजून गेलेली नाही.

त्या लढ्यानंतर, २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली. चार नगरपरिषदा आणि ५३ गावं एकत्र करून ती बनवली गेली. महानगरपालिकेत जायला नको म्हणत गावांनी आंदोलन केलं. या आंदोलनातले विवेक पंडित त्याच वर्षी या प्रश्नावर आमदार म्हणून निवडून आले. २०११ मध्ये २९ गावं वगळण्याचा निर्णय झाला, पण तो कोर्टात अडकला आणि वर्षामागून वर्षं गेली. या काळात गावांची स्थिती विचित्र झाली: ना धड ग्रामसभा, ना धड शहर. कुणाच्या परवानगीने भराव झाला असं विचारलं की एक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवायचं. बावखल बुजवायला एवढा गोंधळ पुरतो. रात्री दोन-चार डंपर रिकामे झाले की सकाळी काठ दिसत नाही, आणि आठवडाभरात तिथे पत्र्याचं कुंपण लागतं.

आता शहराबद्दल. पश्चिमेच्या वाड्या आणि पूर्वेच्या इमारती यांना एकमेकांचे वैरी ठरवणारी भाषा मला मान्य नाही. नालासोपारा-विरारमध्ये घर घेणारा माणूस मुंबईत घर परवडत नाही म्हणून इथे येतो. पहाटे गर्दीत लोंबकळत कामाला जातो, रात्री परततो. २०११ च्या जनगणनेतच या महानगरात १२ लाखांवर माणसं होती. त्यांना कुणी हाकलून लावा असं म्हणत नाही. उलट ज्या पद्धतीने इथे जमिनी गिळल्या गेल्या, तिचा पहिला बळी तोच माणूस आहे. नालासोपारा पूर्वेला सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जमिनीवर ४१ अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या. लोकांनी आयुष्याची कमाई घालून त्यात घरं घेतली. शेवटी उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्या पाडाव्या लागल्या आणि हजारो माणसं रस्त्यावर आली. घरं बांधणारे तोवर पैसे घेऊन मोकळे झाले होते. वाडी विकणारा आणि फ्लॅट घेणारा, दोघांनाही लुटणारी साखळी एकच आहे.

जुलै २०१८ आठवा. नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढलं, लोकल बंद पडल्या, लांब पल्ल्याच्या गाड्यांतल्या प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. वसईच्या मिठागरांतली माणसं पाण्यात अडकली. कितीतरी वसाहतींत तळमजल्यावर कमरेएवढं पाणी दिवसच्या दिवस होतं, वीज नाही, दूध नाही. त्यानंतर आयआयटी आणि नीरीच्या तज्ज्ञांची सत्यशोधन समिती नेमली गेली. तिने जे उपाय सुचवले त्यांत पावसाचं पाणी तात्पुरतं धरून ठेवणारे धारण तलाव होते. धारण तलाव म्हणजे काय? सखल जागी पाणी थांबवून धरणारं तळं. आमच्या पणजोबांनी ते गावोगाव खणून ठेवलं होतं, त्याची देखभालही गावच करत होतं, आणि सरकारला त्यासाठी एक रुपयाही मोजावा लागत नव्हता. ते बुजवू द्यायचं आणि मग कोट्यवधींच्या निविदा काढून दुसरीकडे नवं खणायचं, याला नियोजन म्हणता येत नाही. पूर्वेच्या तळमजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाला पश्चिमेचं बावखल वाचायला हवं, ते यासाठी. वाडीवर पडलेलं पाणी मुरतं. काँक्रीटवर पडलेलं पाणी त्यांच्या दारात येतं.

आणि हे इथेच थांबत नाही. शहर वाढलं की पाणी सूर्या धरणातून येतं. हा प्रकल्प डहाणू, पालघर, विक्रमगड तालुक्यांतल्या शेतीसाठी, मुख्यतः आदिवासी शेतकऱ्यांसाठी बांधला होता. तिथले शेतकरी आपल्या पाटाचं पाणी शहरांकडे वळवू नका म्हणून कितीतरी वर्षं भांडत आहेत. आमच्याकडची गोड्या पाण्याची विहीर निकामी झाली की आम्हीही नळाच्या रांगेत उभे राहतो आणि त्यांच्या वाट्याचं पाणी मागतो. एका ठिकाणची शेती मोडली की दुसऱ्या ठिकाणची कशी मोडते, हे यापेक्षा स्पष्ट काय दिसायचं?

मग वाडीवाले विकतात का? हा प्रश्न मी टाळणार नाही, कारण विकणारे आमचेच भाऊबंद आहेत आणि त्यांना दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. वाडी चार भावांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला काही गुंठे येतात. एक भाऊ परदेशात, एक नोकरीत, तिसऱ्याला मुलीचं लग्न करायचंय, चौथा एकटा राबतोय. मजूर मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही. शेजारी इमारत झाली की तिचं गटार वाडीत सुटतं, प्लॅस्टिक येऊन पडतं, ऊन अडतं, विहीर खारावते. मग दलाल येतो आणि सांगतो, ‘आता इथे काय पिकणार आहे? सगळे विकतायत, शेवटी तुम्हीच मधे अडकाल.’ हे शेवटचं वाक्य सगळ्यात जास्त काम करतं. लोभापेक्षा भीतीपोटी जास्त वाड्या गेल्या आहेत. आपण एकटे पडू, ही भीती. ती भीती खोटी नाही. वर सांगितलेल्या पाण्याच्या थरामुळे ती खरीच आहे. म्हणून तिच्यावरचा उपायही एकट्याचा असू शकत नाही.

उपाय कुठे आहे ते सांगतो. सिडकोने तयार केलेला २००१ ते २०२१ चा विकास आराखडा २००७ मध्ये मंजूर झाला होता. त्याची मुदत संपली. यापुढच्या वीस वर्षांत आपल्या गावाचं काय होणार, हे नव्या आराखड्याच्या रंगांवर ठरणार आहे. नकाशावर शेती हिरवी असते आणि रहिवासी भाग पिवळा. पूर्वी हिरव्याचा पिवळा झाला तरी बिगरशेतीच्या परवानगीसाठी तहसील, जिल्हाधिकारी अशी पायपीट होती, आणि त्या वाटेवर गावाला हरकत घ्यायला जागा मिळे. जमीन महसूल संहितेत २०१४ पासून कलम ४२ च्या पुढे जी नवी कलमं घातली गेली, त्यांनी आराखड्यात बिगरशेती वापरासाठी दाखवलेल्या जमिनीला वेगळ्या परवानगीची गरज ठेवलेली नाही. ठरलेली रक्कम भरली की झालं. म्हणजे लढायची जागा आता एकच उरली आहे: आराखडा मंजूर व्हायच्या आधी. एकदा रंग बदलला की मग रोज एकेका वाडीसाठी आपण कुठे कुठे धावणार?

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियम १९६६ चा आहे. त्यानुसार प्रारूप आराखडा जाहीर करावा लागतो, नागरिकांच्या हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात, त्यांवर सुनावणी घ्यावी लागते. हा हक्क फक्त जमीनमालकाला नाही. वसईत भाड्याने राहणाऱ्यालाही आहे, विरारच्या फ्लॅटमधल्या बाईलाही आहे. आपल्याकडे होतं काय, की नोटीस येते, एखादी संस्था छापील हरकत तयार करते, सगळे त्यावर सह्या करतात. संख्येसाठी ते ठीक. पण सुनावणीत एकसारख्या हरकतींचा गठ्ठा एका वाक्यात निकाली निघू शकतो. ज्या हरकतीत सर्व्हे नंबर आहे, बावखलाचा आकार आहे, फोटो आहे, त्या बावखलावर किती विहिरी आणि किती वाड्या अवलंबून आहेत हे लिहिलेलं आहे, तिला उत्तर द्यावं लागतं.

तेव्हा पहिलं काम बावखलांची यादी. गाववार, आळीवार. कितीतरी बावखलं सातबाऱ्यावर नीट नोंदलेलीच नाहीत. काही सरकारी जमिनीवर आहेत, काही खासगी, काहींवर पाच-सहा घरांचा सामाईक हक्क आहे आणि तो कुणाच्या लक्षातही नाही. जुने फेरफार काढा, मोजणीचे नकाशे काढा, म्हाताऱ्यांना विचारा. जी बावखलं गावाच्या मालकीची आहेत त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा २८ जानेवारी २०११ चा जगपाल सिंग प्रकरणातला निकाल हाताशी ठेवा. पंजाबातल्या एका गावच्या बुजवलेल्या तळ्याचं ते प्रकरण होतं. गावच्या सामाईक तळ्यांवरची अतिक्रमणं हटवण्याची योजना करा, असं न्यायालयाने त्यात सगळ्या राज्यांना सांगितलं आहे. आणि खासगी बावखलांसाठी आराखड्यातच स्वतंत्र नोंद मागायची: जलसाठा म्हणून, भराव करता येणार नाही अशी. ज्या कुटुंबाच्या जागेत ते आहे त्याला घरपट्टीत सूट द्या, गाळ काढायला मदत द्या. सगळ्या शहराचं पाणी धरून ठेवणाऱ्या माणसाने तो भार एकट्याने का सोसायचा?

दुसरं काम वाडीवाल्यांमधलं आहे, आणि ते कुठलंही सरकार करून देणार नाही. विकायची वेळ आलीच तर आधी गावात विचारायचं, असा ठराव आळीआळीत व्हायला हवा. परदेशी असलेल्या भावाचा हिस्सा इथे राबणाऱ्या भावाला कसायला देता येतो. लेखी करार करा, आणि करार करण्याआधी वकिलाला दाखवा. चार लहान वाड्यांनी मिळून एक पंप, एक टेम्पो, एक मजूर ठेवला तर खर्च निम्म्यावर येतो. पंप चोवीस तास चालवायचा नाही, उन्हाळ्यात पाळीने उपसा करायचा, हेही आपसांतच ठरवावं लागेल, कारण बिल्डरच्या भरावाइतकंच आपल्या बेसुमार उपशानेही खालचं पाणी फिरतं. आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात असलेल्या वसईच्या मुलांनो, तुमच्या नावावर इथे जो हिस्सा आहे तो कुणाच्या हाती जाऊ द्यायचा हे तुमच्या एका सहीवर आहे. कुलमुखत्यारपत्र करून द्यायच्या आधी घरच्या वाडीत जो कुणी राबतोय त्याला एक फोन करा.

तिसरं, मुंबईकरांसाठी. तुमच्या ताटातली भाजी दोनशे किलोमीटरवरून ट्रकने येते, तशी ती साठ किलोमीटरवरून पहाटेच्या लोकलनेही येते. दादर, बोरिवली, अंधेरीला स्टेशनबाहेर फडक्यावर वालाच्या शेंगा, अळू, मुळा, केळफूल घेऊन बसलेली वसईची बाई दिसली तर तिच्याकडून घ्या आणि दोन रुपयांसाठी घासाघीस करू नका. तिच्या टोपलीतला माल संध्याकाळपर्यंत संपला तरच तिचा मुलगा वाडीत पाय ठेवेल. तिला स्टेशनबाहेरून हुसकावलं जातं तेव्हा तिच्या बाजूने दोन शब्द बोला. शहरातल्या सोसायट्यांनी ठरवलं तर आठवड्यातून एकदा वसईच्या चार वाड्यांचा माल थेट गेटवर येऊ शकतो. यात कुणावर उपकार नाहीत. त्याच दिवशी पहाटे खुडलेली भाजी पुन्हा कुठून मिळणार?

आपल्यातले काही जण म्हणतील, उशीर झाला, आता काय उरलंय. मी गेल्या पावसाळ्यात नंदाखालपासून आगाशीपर्यंतच्या आतल्या रस्त्यांनी हिंडलो. काठोकाठ भरलेली, वर कुमुदाची पानं पसरलेली बावखलं अजून आहेत. त्यांच्या काठावरच्या वाड्यांत केळीची नवी लावणी झालेली होती. काही ठिकाणी तरुण मुलांनी रविवारी उतरून गाळ आणि प्लॅस्टिक काढलं होतं. काठावर गोण्या रचून ठेवलेल्या दिसल्या. पुष्कळ उरलंय. मुरायला जागा आहे, खणायला माणसं आहेत. जे गेलं त्याचं दुःख करत बसलो तर जे आहे तेही जाईल, आणि या वेळी ते गुपचूप, नकाशाच्या रंगातून जाईल.

म्हणून येत्या रविवारी एवढं करा. आपल्या आळीतलं बावखल मोबाइलवर टिपा, काठावर उभं राहून चारही बाजूंनी. त्याचा सर्व्हे नंबर तलाठ्याकडून किंवा महाभूलेखवरून काढा. त्याच्या भोवतीच्या विहिरी मोजा आणि प्रत्येक घरी विचारून पाणी कुठल्या महिन्यात खारं होतं ते लिहून घ्या. एका कागदावर हे सगळं मांडून महानगरपालिकेच्या नगररचना विभागाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना द्या, आराखड्याची नोटीस निघेपर्यंत थांबू नका. अर्जावर सही फक्त आपली नको. ज्यांच्या विहिरी त्या पाण्यावर आहेत त्या सगळ्यांची हवी. आवक शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. ती पोच जपून ठेवा. सुनावणीच्या दिवशी ती लागेल, आणि त्या दिवशी शेजारच्या वाडीवाल्यालाही बरोबर घेऊन या.